जेरेमी ब्रेट : भूमिका, व्याधी आणि ‘पात्र’ या संज्ञेचा अर्थ

नटाने घेतलेली भूमिका नटालाच ग्रासते काय, हा प्रश्न नाट्यशास्त्राइतकाच जुना आहे. ज्या नटांच्या चरित्रातून या प्रश्नाचा विचार साधार करता येतो, असे नट मात्र थोडे. इंग्रज नट जेरेमी ब्रेट हा त्यांपैकी एक होय. १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत मँचेस्टरच्या ग्रॅनडा टेलिव्हिजन या संस्थेने आर्थर कॉनन डॉइलच्या शेरलॉक होम्सकथांवर ४१ चित्रे निर्माण केली. त्या सर्वांत होम्सची भूमिका ब्रेटने केली आणि याच काळात उन्माद व विषाद यांच्या आळीपाळीने येणाऱ्या झटक्यांशी तो झुंजत होता. या योगायोगातून ‘होम्सनेच ब्रेटला वेडे केले’ अशी एक आख्यायिका रूढ झाली. ती कितपत टिकते हे तपासणे आणि त्या निमित्ताने मराठीतील ‘पात्र’, ‘सोंग’ व ‘वेड’ या तीन शब्दांचा अर्थव्यापार पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. वाणी आणि नाव

ब्रेटचे मूळ नाव पीटर जेरेमी विल्यम हगिन्स. त्याचा जन्म ३ नोव्हेंबर १९३३ रोजी वॉरिकशर परगण्यातील बर्क्सवेल येथे झाला. पिता सैन्यातील लेफ्टनंट-कर्नल, माता चॉकलेटच्या धंद्यात नावाजलेल्या कॅडबरी घराण्याशी संबंधित, शिक्षण ईटनच्या प्रतिष्ठित शाळेत. असे सर्व असूनही त्याच्या बालपणाला दोन उणिवा चिकटल्या होत्या. वाचताना अक्षरांची ओळख पटण्यास त्याला अडचण पडे. आणि ‘र’ या वर्णाचा उच्चार त्याला नीट साधत नसे. पौगंडावस्थेत शस्त्रक्रिया होऊन हा उच्चारदोष दूर झाला. तथापि शस्त्रक्रियेने जिव्हा मोकळी होते, उच्चार मात्र अभ्यासानेच येतो. वर्षानुवर्षे केलेल्या अभ्यासामुळे ब्रेटचे उच्चार असाधारण स्पष्ट झाले आणि पुढेही तो वाणीचे व्यायाम नित्यनेमाने करीत असे. त्याच्या होम्सच्या मुखातील शब्द कापल्यासारखे स्वच्छ ऐकू येतात, त्यामागे हा दीर्घ खटाटोप आहे. प्रेक्षकाला जे सहज वाटते ते नटाने एकेकाळी वर्णावर्णाने मिळविलेले असते, याचे हे बोलके उदाहरण होय.

नाटकाचा व्यवसाय पित्यास पसंत नव्हता. घराण्याचे नाव रंगभूमीवर येऊ नये असा त्याचा आग्रह होता. तेव्हा पुत्राने आपल्या पहिल्या सुटावरील शिंप्याच्या चिठ्ठीवर असलेले ‘ब्रेट’ हे नाव घेतले. मराठी वाचकास यात परके असे काही वाटणार नाही. नाटकात जाणे म्हणजे घराण्याला बट्टा लावणे, ही समजूत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कित्येक मराठी नटांच्या घरीही नांदत होती.

लंडनच्या सेंट्रल स्कूल ऑफ स्पीच अँड ड्रामा या संस्थेत शिक्षण घेऊन १९५४ साली ब्रेट मँचेस्टर येथे प्रथम रंगभूमीवर आला. १९५६ च्या ‘वॉर अँड पीस’ या चित्रपटात त्याने निकोलाय रोस्तोवचे, तर १९६४ च्या ‘माय फेअर लेडी’त फ्रेडीचे काम केले. १९६१ साली त्याने लंडनमध्ये हॅम्लेट रंगविला. पुढे लॉरेन्स ऑलिव्हिएच्या नॅशनल थिएटरमध्ये त्याने काही वर्षे काढली. तेथे १९६७ साली शेक्सपिअरचे ‘ॲज यू लाइक इट’ हे नाटक केवळ पुरुष नटांच्या संचात झाले आणि त्यात ब्रेट ऑर्लँडो झाला होता. बालगंधर्वांच्या परंपरेशी परिचित असलेल्या वाचकास या प्रयोगाचे फारसे नवल वाटू नये. १९८० साली लॉस अँजेलिस येथील एका नाटकात चार्ल्टन हेस्टन याच्या होम्सबरोबर ब्रेटने वॉटसनची भूमिकाही केली. होम्सकडे तो प्रथम वॉटसनच्या, म्हणजे शहाण्यासुरत्या मित्राच्या नजरेतून पाहून आला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

२. भूमिकेची सिद्धता

होम्सचे कथाविश्व ४ कादंबऱ्या व ५६ कथा यांत सामावलेले आहे. पहिली कादंबरी १८८७ साली निघाली. १८९१ पासून ‘स्ट्रँड’ मासिकात कथा येऊ लागल्या आणि सिडनी पॅजेटच्या रेखाचित्रांनी होम्सचे रूप वाचकांच्या मनात ठसविले. बाबुराव अर्नाळकरांच्या धनंजय व झुंजार यांच्यावर पोसलेल्या मराठी वाचकालाही बेकर स्ट्रीटचे ते घर अपरिचित नाही.

निर्माता मायकेल कॉक्स याची प्रतिज्ञा मूळ कथांशी इमान राखण्याची होती. त्यासाठी होम्सच्या सवयी, खाणेपिणे, हालचाली, घरातील वस्तू यांची कथांतून वेचून काढलेली माहिती ७७ पृष्ठांच्या एका टिपणात एकत्र करण्यात आली. ब्रेटने हे कार्य कोशकाराच्या निष्ठेने पुढे चालविले. डॉइलची पुस्तके तो चित्रीकरणाच्या जागी बाळगी आणि संहिता मूळ कथेपासून दूर गेली की वाद घाली. पॅजेटच्या चित्रांतील बसण्याउठण्याच्या ढबी त्याने आपल्या अंगी आणल्या.

परंतु डॉइलने होम्सला बाह्यरूप जितके दिले, तितके अंतरंग दिले नाही. त्याचे बालपण, मातापिता, प्रेम यांविषयी कथा जवळजवळ मौन पाळतात. हे मौन ब्रेटला सोसवेना. त्याने आपल्यापुरते होम्सचे एकाकी बालपण रचले, त्याला दूरस्थ पिता दिला, नकळत्या वयातील दुरावे दिले. प्रेक्षकाला यांतले काहीच सांगितले जात नाही. तरी होम्सच्या एखाद्या क्षणिक स्मितात किंवा एकाएकी वळवलेल्या मानेत ते जाणवते. ग्रंथकाराने रिकामी ठेवलेली जागा नटाने आपल्या आयुष्याच्या सामग्रीने भरली. पुढच्या सर्व चर्चेचे बीज येथेच आहे.

मालिकेचा पहिला भाग २४ एप्रिल १९८४ रोजी प्रक्षेपित झाला. डेव्हिड बर्क हा पहिल्या १३ भागांतील वॉटसन. त्यानंतर ती भूमिका एडवर्ड हार्डविक याच्याकडे गेली. प्रेक्षकांनी व जाणकारांनी ब्रेटचा होम्स उचलून धरला आणि अनेकांच्या मते तोच प्रमाण होम्स ठरला.

३. शोक आणि आघात

ब्रेटची दुसरी पत्नी जोन विल्सन ही अमेरिकेतील बॉस्टनच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर रहस्यकथांच्या कार्यक्रमाची निर्माती होती. १९७६ साली त्यांचा विवाह झाला. जुलै १९८५ मध्ये कर्करोगाने तिचे निधन झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘द फायनल प्रॉब्लेम’ ही कथा पडद्यावर आली. तिच्यात होम्स रायखेनबाखच्या धबधब्यात नाहीसा होतो. पुढल्या वर्षी, ९ जुलै १९८६ रोजी, ‘द एम्प्टी हाउस’ प्रक्षेपित झाली. या कथेत मृत मानलेला होम्स परत येतो आणि शोकाकुल वॉटसन त्याला पाहून मूर्च्छित होतो. कथेतील मृत मनुष्य परत येत होता, घरातील येणार नव्हता. अशा अवस्थेत ब्रेट दिवसदिवसभर होम्सचा संयत, भावनाशून्य मुखवटा धारण करीत होता.

१९८६ साली त्याचे मन कोलमडले. त्याला इस्पितळात ठेवावे लागले आणि उन्माद-विषादाचा विकार असे निदान झाले. आज या व्याधीला ‘द्विध्रुवी विकार’ म्हणतात. चित्तवृत्तीचे हेलकावे त्याच्या ठायी पूर्वीपासून होते. पत्नीच्या मृत्यूनंतर ते विकोपास गेले.

येथे कार्यकारणाचा विचार काळजीपूर्वक केला पाहिजे. आख्यायिका म्हणते की, भूमिकेने नटाला गिळले. या म्हणण्यात तीन निरनिराळी कारणे एकात मिसळलेली दिसतात. पहिले, ज्याच्या मुळाशी शरीरप्रकृतीचा व आनुवंशिकतेचा मोठा भाग असतो, असा हा विकार. दुसरे, झटका प्रकट होण्यास निमित्त ठरणारे शोक व अतिश्रम. आणि तिसरे, भूमिकेचे स्वरूप. पहिल्या दोहोंची साक्ष चरित्रात स्पष्ट आहे. तिसऱ्याचा वाटा व्याधी उत्पन्न करण्याचा नसून तिला रूप व भाषा देण्याचा आहे. होम्स स्वतः कधी दिवसेंदिवस कोचावर मुकाट पडून राहतो, तर कधी अन्नपाणी विसरून धावत सुटतो, हे डॉइलने पहिल्या कादंबरीपासून लिहून ठेवले आहे. त्यावरून होम्सलाही हाच विकार होता असे निदान काही वाचक करतात. परंतु होम्सला शरीर नाही. कथेतील उत्साह व मरगळ ही लेखकाच्या सोयीने येतात आणि कथेबरोबर संपतात. ब्रेटचा विषाद चित्रीकरण संपल्यावर त्याच्याबरोबर घरी जात असे. कागदावरील लक्षण आणि देहातील व्याधी यांत भेद न केल्यास दोघांवरही अन्याय होतो.

४. औषध आणि देह

ब्रेटला लिथियम हे औषध देण्यात आले. लिथियम हे मूलद्रव्य. त्याचे क्षार उन्मादावर गुणकारी ठरतात असा निष्कर्ष ऑस्ट्रेलियन वैद्य जॉन केड याने १९४९ साली प्रसिद्ध केला आणि डेन्मार्कच्या मोगेन्स शाऊ याने १९५४ साली त्याला पद्धतशीर चाचणीचा आधार दिला. असंख्य रुग्णांना या औषधाने पुन्हा संसारात आणून बसविले आहे. मात्र त्याची उपकारक मात्रा व अपायकारक मात्रा यांतील अंतर फार थोडे असते. म्हणून रक्ततपासणी वारंवार करावी लागते. तहान लागते, हात कापतात, वजन वाढते. मूत्रपिंड व कंठग्रंथी यांवर परिणाम होऊ शकतो. शरीरातील मीठ व पाणी यांच्या प्रमाणाशी या औषधाचे नाते निकटचे असल्याने, सूज उतरविण्यासाठी देण्यात येणाऱ्या लघवीच्या औषधांमुळे त्याची रक्तातील पातळी एकाएकी चढू शकते.

ब्रेटच्या बाबतीत अडचण दुहेरी होती. बालपणीच्या संधिवाती ज्वराने त्याचे हृदय आधीच दुबळे झाले होते. त्यात धूम्रपानाचे व्यसन भारी. अंगात पाणी साठू लागले, चेहरा सुजला, वजन वाढले, हालचाली मंदावल्या. पॅजेटच्या चित्रातील सडसडीत होम्सची जी आकृती त्याने इतक्या कसोशीने घडविली होती, ती त्याच्या देखत त्याच्या देहावरून ओघळू लागली. मन सावरणाऱ्या औषधाने नटाच्या साधनावरच, म्हणजे शरीरावर, घाला घालावा, हा या चरित्रातील खरा पेच होय. १९८४ मधील व १९९४ मधील भाग एकापाठोपाठ पाहणाऱ्यास हा पालट सांगावा लागत नाही.

तरीही काम थांबले नाही. १९८८–८९ साली जेरेमी पॉल याने लिहिलेले ‘द सीक्रेट ऑफ शेरलॉक होम्स’ हे दोनच पात्रांचे नाटक ब्रेट व हार्डविक यांनी लंडनच्या विंडॅम्स थिएटरमध्ये वर्षभर चालविले. १९८८ च्याच ‘द डेव्हिल्स फूट’ या भागात होम्स आपली मादक द्रव्याची पिचकारी समुद्रकाठच्या वाळूत पुरून टाकतो. मूळ कथेत हा प्रसंग नाही. मूळ संहितेसाठी भांडणाऱ्या ब्रेटने या एका फेरफारासाठी डॉइलची कन्या जीन हिची अनुमती मिळविली. लहान मुलेही आपला होम्स पाहतात, त्यांनी व्यसनाचे अनुकरण करू नये, ही त्याची चिंता होती. रुग्णालयातून परत आलेल्या नटाने आपल्या नायकाला एका व्याधीतून मुक्त केले, ही घटना कोणत्याही भाष्यावाचून पुरेशी बोलकी आहे.

५. ‘पात्र’ की स्पंज?

काही नट भूमिका करीत नाहीत, भूमिका होतात, असे ब्रेटचे मत होते आणि तो स्वतःस त्यांतच गणी. असा नट स्पंजासारखा असतो. तो आपले व्यक्तित्व पिळून काढतो आणि रिकाम्या झालेल्या जागी भूमिकेचा रस शोषून घेतो, अशी उपमा त्याने दिली होती.

या उपमेच्या जोडीला भारतीय नाट्यविचारातील एक संज्ञा ठेवून पाहणे उद्बोधक ठरेल. मराठीत नाटकातील व्यक्तीस ‘पात्र’ म्हणतात. संस्कृतात ‘पात्र’ म्हणजे भांडे, पिण्याचे साधन. रोजच्या वापरामुळे या शब्दातील रूपक आता विझलेले आहे. अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरील आपल्या टीकेत ते जागे केले. नट हा रसाचा आस्वाद घेण्याचे साधन आहे, म्हणूनच त्याला पात्र म्हणतात. मद्याची चव पात्राला कळत नसते, असा त्याचा अभिप्राय आहे. रस असतो तो सहृदय प्रेक्षकाच्या ठायी. फ्रेंच विचारवंत दिदरो यानेही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जवळजवळ हेच प्रतिपादिले होते. श्रेष्ठ नट स्वतः थंड राहतो, म्हणूनच इतरांना पेटवू शकतो, असे त्याचे म्हणणे. त्याचा हा निबंध १८३० साली, मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी, प्रसिद्ध झाला.

भांडे व स्पंज, दोन्ही द्रव धारण करतात. परंतु भांडे उपडे केले की रिकामे होते. स्पंज पिळला तरी ओला राहतो. दोन नाट्यविचारांमधील सारा भेद या दोन वस्तूंच्या गुणधर्मात सामावला आहे. होम्स ही व्यक्तिरेखा तर दिदरोच्या नटासारखीच थंड, अलिप्त, भावनेला बुद्धीच्या आड येऊ न देणारी. म्हणजे सर्वांत अलिप्त नायक सर्वांत सच्छिद्र नटाच्या वाट्याला आला. ब्रेट स्वभावाने मोकळा, हसरा, प्रेमळ होता असे त्याचे सहकारी सांगत. स्वतःच्या स्वभावाच्या इतक्या विरुद्ध टोकाची अलिप्तता दीर्घकाळ शोषून घेणे किती श्रमाचे झाले असेल, याची कल्पना करता येते. भूमिकेने व्याधी दिली नाही. तथापि व्याधिग्रस्त मनाला जी विश्रांती हवी होती तीही दिली नाही, एवढेच साधार म्हणता येईल.

मराठी रंगभूमीवर हा प्रश्न नवीन नाही. आगरकरांनी ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ साली हॅम्लेट मराठीत आणला आणि शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशी यांनी त्या भूमिकेत अपूर्व कीर्ती मिळविली. ‘विकारविलसित’ या नावातील ‘विकार’ शब्दात मनाचा क्षोभ आणि रोग असे दोन्ही अर्थ वावरतात. ‘एकच प्याला’तील सुधाकर किंवा १९७० साली रंगभूमीवर आलेल्या ‘नटसम्राट’मधील अप्पासाहेब बेलवलकर, या भूमिका नटाकडून किती मोल घेतात याची चर्चा मराठीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मात्र त्या चर्चेत नटाच्या मनोव्याधीचा उच्चार क्वचितच होतो; व्यसनाविषयी, विक्षिप्तपणाविषयी, ‘कलावंताच्या लहरीं’विषयी बोलले जाते. शब्द सौम्य केल्याने दुःख सौम्य होत नाही.

६. सोंग आणि शोध

‘भूमिका’ हा संस्कृत शब्द. त्याचा देशी प्रतिशब्द ‘सोंग’. सोंगाला मराठीत दोन धारा आहेत. दशावतारातील वा भारुडातील सोंग मानाचे. पण ‘आजाराचे सोंग’ म्हणजे लबाडी. पहिल्या अर्थी पाहणारा आपखुशीने फसतो, दुसऱ्या अर्थी त्याला फसविले जाते.

हेरकथेचा सारा व्यवहार या दुसऱ्या धारेवर चालतो, आणि हिंगोलीच्या भूमीला तो अपरिचित नाही. निजामाच्या राज्यातील हिंगोली छावणीत एकोणिसाव्या शतकाच्या तिसाव्या दशकाच्या सुमारास हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी राहत असे. तोच त्या भागातील ठगांचा म्होरक्या होता असे मेडोज टेलर याने १८३९ च्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहिले आहे. टेलर स्वतः त्याच्याशी व्यवहार केलेल्यांपैकी होता. मुंबईहून येणाऱ्या कापडासाठी हरिसिंगाने अधिकाऱ्याकडून रीतसर परवाना घेतला, वाटेत त्या मालाच्या खऱ्या धन्याला सोबत्यांसह ठार केले आणि तो माल त्याच परवान्यावर छावणीत आणून उघड विकला, अशी ती हकीकत आहे. कंपनी सरकारचे ठगीविषयीचे सर्व कथन जसेच्या तसे घेऊ नये, माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर ते उभे आहे, असा इशारा अलीकडील इतिहासकार देतात आणि तो रास्त आहे. तरीही स्लीमनने १८३६ साली ठगांच्या सांकेतिक बोलीचा ‘रामासीआना’ हा कोश छापला, ही गोष्ट भाषाभ्यासकाने लक्षात घेण्यासारखी आहे. गुन्ह्याचा शोध हा प्रथम शब्दांचा शोध होता. सोंगामागचा मनुष्य ओळखावयाचा तर त्याची बोली ओळखावी लागते.

होम्स हा असा सोंग ओळखणारा आणि स्वतःही सोंगे घेणारा. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द डाइंग डिटेक्टिव्ह’ या कथेत तो असाध्य रोगाने मरणोन्मुख झाल्याचे सोंग करतो. तीन दिवस अन्नपाणी वर्ज्य करतो, डोळ्यांत बेलाडोना घालतो, ओठांवर मेणाची खपली आणतो आणि वातात बडबडावे तसा शिंपल्यांतील कालवांविषयी बरळतो. वॉटसन वैद्य असूनही फसतो, कारण होम्स त्याला जवळ येऊ देत नाही. खुनी सापडल्यावर होम्स शांतपणे उठून बसतो. आजाराच्या सोंगावर एखादा प्रबंध लिहावा असे आपल्या मनात आले होते, असेही तो सांगतो.

ही कथा १९९४ साली, मालिकेच्या अखेरच्या पर्वात, ब्रेटने केली. त्या पर्वात त्याची प्रकृती इतकी खालावली होती की, चित्रीकरणाच्या जागी कधी चाकांची खुर्ची लागे. ‘द मॅझरिन स्टोन’ या भागात तर तो काम करू शकला नाही आणि होम्सचे कार्य त्याचा भाऊ मायक्रॉफ्ट याच्याकडे, म्हणजे चार्ल्स ग्रे या नटाकडे सोपवावे लागले. अशा स्थितीत खरोखरीच रुग्ण असलेला नट, रोगाचे सोंग करणाऱ्या निरोगी मनुष्याची भूमिका करीत होता. कथेत होम्स शेवटी उठतो. ब्रेटला मात्र आरोग्याचे सोंग करून उठावे लागत होते. सोंगाच्या दोन्ही धारा येथे एका ठिकाणी मिळतात. आजाराचे सोंग करणारे जगात आहेत. परंतु मनोरुग्णांपैकी फार मोठा वर्ग निरोगीपणाचे सोंग करीत जगतो, आणि ते सोंग ओळखणारा कोणी वॉटसन त्यांना भेटतोच असे नाही.

७. ‘वेड’ या शब्दाचा संसार

हे सोंग का करावे लागते, याचे उत्तर काही अंशी भाषेत आहे. मराठीत ‘वेड’ या शब्दाची व्याप्ती विलक्षण आहे. भक्तीचे वेड, गाण्याचे वेड, क्रिकेटचे वेड. आणि आई लाडाने ‘वेडा कुठला’ म्हणते तेही. नरसीच्या नामदेवांच्या या भागात भक्तीतील वेड हे तर भूषणच होय. परंतु हाच शब्द घरातील मनुष्याला व्याधी म्हणून चिकटला की विवाह मोडतात, नोकरी जाते, शेजारी दार लावतात. एकाच शब्दात गौरव व बहिष्कार दोन्ही असल्यामुळे रुग्णाला आपली व्यथा सांगण्यास तटस्थ शब्दच उरत नाही.

चरकाने उन्मादाचे पाच प्रकार सांगितले. त्यांपैकी चार शरीरातील दोषांमुळे होणारे आणि पाचवा ‘आगंतु’, म्हणजे बाहेरून आलेला. लोकव्यवहारात पहिले चार मागे पडले आणि पाचवा राहिला. मराठवाड्यात आजही ‘बाहेरचे आहे’ असे म्हटले जाते. ही ‘आगंतु’चीच देशी छाया मानता येईल. बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी बाबांच्या दर्ग्याकडे मनोविकाराच्या रुग्णांना घेऊन आजूबाजूच्या मुलखातील कुटुंबे जातात, ती या समजुतीने. त्यांना केवळ अंधश्रद्ध म्हणून चालणार नाही. महाराष्ट्रातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही. जेथे उपचार दूर असतो तेथे श्रद्धास्थान जवळचे वाटते. परंतु श्रद्धेच्या आश्रयाने साखळदंडही आले. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे आगीत साखळ्यांनी बांधलेले २५ हून अधिक मनोरुग्ण होरपळून मेले. १९१२ च्या कायद्याच्या नावातच ‘वेडेपणा’ होता. १९८७ साली त्याच्या जागी नवा कायदा आला आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णास साखळीने बांधणे निषिद्ध ठरविले. कायद्याची भाषा पालटली. घराची भाषा पालटण्यास अधिक काळ लागतो. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) व ‘कासव’ यांसारख्या चित्रपटांनी मराठीत ती सुरुवात केली आहे.

८. उपसंहार

मालिकेचा शेवटचा भाग ११ एप्रिल १९९४ रोजी प्रक्षेपित झाला. १९९५ साली ब्रेटने बीबीसीच्या नभोवाणीवरून उन्माद-विषादाच्या रुग्णांसाठी कार्य करणाऱ्या संस्थेच्या मदतीचे आवाहन केले आणि आपण स्वतः त्या व्याधीचे रुग्ण आहोत हे सांगितले. त्या काळी नामांकित नटाने असे सांगणे धाडसाचे होते. १२ सप्टेंबर १९९५ रोजी लंडन येथील राहत्या घरी हृदयविकाराने त्याचे निधन झाले. त्या वेळी त्याचे वय ६१ वर्षांचे होते. कॉनन डॉइलच्या सर्व कथा पडद्यावर आणण्याची त्याची इच्छा अपुरी राहिली.

‘होम्सने ब्रेटला वेडे केले’ ही आख्यायिका आकर्षक आहे, कारण ती व्याधीला कथा देते आणि कथेला दोषी देते. हेरकथेच्या वाचकाला दोषी सापडल्याशिवाय चैन पडत नाही. परंतु मनोव्याधी हा गुन्हा नव्हे; तिच्यात शोधून काढावयाचा खुनी नसतो. ब्रेटच्या चरित्राचा साधार निष्कर्ष वेगळा आहे. प्रकृतीतील विकार, पत्नीवियोगाचा शोक, दुबळे हृदय आणि सतत श्रम यांच्या एकत्रित भाराखाली एका मनुष्याने दहा वर्षे एक अवघड काम निष्ठेने केले. आणि ते काम जितके त्याला थकवीत होते, तितकेच उभेही ठेवीत होते. होम्सच्या ४१ चित्रांइतकेच त्या नभोवाणीवरील आवाहनाचेही मोल आहे. एकेकाळी ‘र’ ज्याच्या जिभेवर येत नव्हता, त्याने अखेर तो शब्दही स्वच्छ उच्चारला जो उच्चारण्यास भोवतालचा समाज कचरत होता. मराठीतही तो शब्द निर्दोषपणे उच्चारता येईल असा भाषाव्यवहार घडविणे, हे वैद्यांइतकेच भाषेच्या अभ्यासकांचेही काम आहे.